घरगुती मद्यपानाची कारणमीमांसा

निवांतपणी घरी घ्यायच्या मद्याचे वर्गीकरण मराठी घरात रंग, चव किंवा किमतीवरून होत नाही. ते कारणावरून होते. ‘आवडते म्हणून’ हे कारण ग्राह्य धरले जात नाही. या बाबतीत कायदाही घरच्यांच्याच बाजूचा आहे. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आरोग्य जपण्यासाठी मद्य लागणाऱ्या व्यक्तीला परवाना देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात पिण्याचा परवाना एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. आजीवन परवाना काढणारा गृहस्थ तो विम्याच्या फाइलमध्ये ठेवतो. वाइन आणि सौम्य बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची, बाकी मद्यासाठी २५ची. म्हणजे मुलाला २१व्या वर्षी लग्न करता येते; व्हिस्कीची गरज मात्र त्याने पुढची चार वर्षे तशीच सोसायची असते.

कारणांत अग्रस्थान सर्दीचे. सर्दीवर रम चालते. १९५४पासून बाजारात असलेली ओल्ड मंक, गरम पाणी, लिंबू आणि मध हा सर्वमान्य काढा. बाटलीवर अल्कोहोल ४२.८ टक्के असे छापलेले असते. ७५ अंश प्रूफ या जुन्या ब्रिटिश मापाचा तो आजचा हिशेब. ही सर्दी मृगाच्या पहिल्या सरीला धरते आणि होळी पेटेपर्यंत हटत नाही. होळीनंतर ‘उकडतंय फार’ हे कारण लागू होते आणि बिअर सुरू होते. बिअर पिणारा ती दारूत मोजत नाही.

व्हिस्कीचे कारण म्हणजे पाहुणे. भारतात स्वस्त व्हिस्कीचा मोठा भाग उसाच्या मळीच्या अल्कोहोलचा असतो. त्या नात्याने ती रमची सख्खी चुलत बहीण. पण श्रीमंत घरी दिल्यासारखी वागते. मुलाने परदेशातून येताना आणलेली सिंगल माल्ट मात्र शोकेसमध्ये, गणपतीच्या चांदीच्या मूर्तीपासून सुरक्षित अंतरावर उभी असते. तिच्या लेबलाच्या कडेला बॉलपेनची बारीक आडवी रेघ आढळते. पातळी रेघेखाली गेलेली दिसली, तर ‘काल कोण आलं होतं?’ हा प्रश्न येतो आणि एखाद्या जुन्या मित्राला तो न येताच येऊन गेल्याचे श्रेय मिळते.

वाइनला कारण लागते ते हृदयाचे, आणि त्याला वर्तमानपत्राच्या पुरवणीतले कात्रण जोडावे लागते. राजीव सामंतांनी आपल्या नाशिकच्या वाइनला आई सुलभा यांच्या नावावरून ‘सुला’ हे नाव दिले. आईचे नाव असल्यामुळे आईसमोर टेबलावर ठेवता येते, अशी ही एकमेव बाटली. शेनिन ब्लां ही पांढरी वाइन थंडगार घ्यावी असा संकेत आहे. घरोघरी ती फ्रिजच्या दारात, ताकाच्या शेजारी आडोशाला थंड होते.

गोवा आणि तळकोकणात पोट हे कारण पुरते. काजूची बोंडे चिरडून रस काढायचा, तो आंबवून भट्टी लावायची. पहिल्या धारेचा उर्राक हलका, मार्च ते मे एवढाच मिळणारा. लिमका, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून तो घेतात. पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी होते. गोव्याच्या काजूफेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मुंबईच्या फ्लॅटमध्ये तिला मानांकनाची गरज पडत नाही. बूच काढताच भूगोल अख्ख्या मजल्याला कळतो.

प्रमाणाचे घरगुती एकक ‘थोडीशी’. एक थोडीशी म्हणजे ६० मिलि. १८० मिलिच्या क्वार्टरमध्ये तीन थोडीशा मावतात, आणि प्रत्येक थोडीशी पहिलीच असते. चखण्याला फरसाण, चकली, कांदा-लिंबू काहीही चालते. परंतु घरातला खरा तंटा मद्यावरून होत नाही, तो एकादशीच्या खिचडीसाठी भाजून ठेवलेले शेंगदाणे संपल्यावरून होतो.

रिकाम्या बाटलीलाही घरात राहायला कारण लागते. रमच्या बुटक्या बाटलीत मनी प्लांट लागतो, व्हिस्कीच्या उंच बाटलीत पिण्याचे पाणी भरतात. बिअरची बाटली निरुपयोगी ठरून भंगारात जाते. आणि भंगारवाला नेमका रविवारी सकाळी, सगळी बिल्डिंग घरी असताना, बाटल्या एकेक करून मोठ्याने मोजतो.