सुरकुतीची सनद

जर्मनीच्या ऑगस्ट झांडर या छायाचित्रकाराने १९२९ साली हलवायापासून विटा वाहणाऱ्या मजुरापर्यंत अनेकांस आपल्या ग्रंथात मानाने उभे केले, तेव्हापासून कारागिराच्या मुखावरील सुरकुती ही छायाचित्रकाराच्या उत्कर्षाची सनद होऊन बसली आहे. साताऱ्याच्या कंदी पेढेवाल्याने कढईपाशी घामाघूम व्हावे, सांगलीच्या हळदपेठेतील हमालाने पोत्याखाली वाकावे, मिरजेच्या तंबोरेवाल्याने भोपळ्यावर मान मोडावी, आणि ‘श्रमाचे सौंदर्य’ या मथळ्याखाली बिदागी मात्र कॅमेरेवाल्याच्या पदरी पडावी, ही तजवीज सर्वमान्य आहे. (‘चेहरा नैसर्गिक ठेवा’ हा उपदेश कारागिरास विनामूल्य मिळतो.) मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले; तो घडविणाऱ्याची तसबीर त्याच्या घरी पोचल्याची नोंद कोणत्याही दफ्तरी सापडावयाची नाही. कॅमेरेवाल्या महाशयांनी निदान एक प्रत टपालाने धाडावी; हशील स्वतः भरावे.