हाइ, हाइ!

तोक्योहून ओसाकाला जाणाऱ्या नोझोमी बुलेट ट्रेनमध्ये मी 'ई' सीट मुद्दाम मागून घेतली होती. फुजी त्याच बाजूला दिसतो. फोनवर बायकोला हीच बातमी देत होतो, तेवढ्यात शेजारून मराठीत कुजबुज आली, "काका, फोनवर बोलायचं तर बाहेर दाराजवळ जायचं असतं."

शेजारची मुलगी मूळची कोथरूडची, सहा वर्षं तोक्योत नोकरी. मी फोन ठेवला आणि तिलाच बोलतं केलं.

"पहिले तीन महिने साहेब माझ्या प्रत्येक सूचनेला 'हाइ, हाइ' म्हणायचे. मला वाटलं, सगळं मंजूर!"

'हाइ' म्हणजे हो. पण 'ऐकतोय, बोला' हेसुद्धा 'हाइ'च. आपल्याकडे हाय हाय ऐकू आलं की निदान विरोध आहे एवढं तरी कळतं. पुढे 'केन्तो शिमास', म्हणजे 'विचार करतो', याचा अर्थ बहुधा 'नाही' असतो, हेही पोरगी शिकली.

सुट्टीहून परतताना ऑफिसला खाऊ न्यायचा, ओमियागे. "पहिल्यांदा बाकरवडीचा पुडा उघडून ठेवला. कुणी हात लावेना. इथे प्रत्येकाचा खाऊ वेगळ्या वेष्टनात लागतो. पुढच्या खेपेला रात्री दोनपर्यंत जागून दोन-दोन बाकरवड्या पिशव्यांत भरल्या, मेणबत्तीवर तोंडं चिकटवली. दहा मिनिटांत फस्त!"

नोकरीत समान संधीचा कायदा तिथे १९८६ साली लागू झाला, पण पार्टीत सॅलड आलं की ते वाढायला माना अजून बायकांकडेच वळतात म्हणे. एकदा हिने चिमटा सरळ शेजारच्या साहेबांच्या हातात दिला. टेबल चिडीचूप. साहेबांनी मात्र बशीगणिक एक टोमॅटो, असं ऑडिट केल्यासारखं वाढलं.

कामावर बायकांना टाचांच्या बुटांची सक्ती नको म्हणून युमी इशिकावा यांनी २०१९ साली मोहीम काढली. 'मी टू'च्या चालीवर नाव 'कू टू'. कुत्सु म्हणजे बूट, कुत्सू म्हणजे वेदना. ऱ्हस्व-दीर्घाचं महत्त्व मला शाळेत इतकं नीट कुणी पटवलं नव्हतं. मी हळूच खाली पाहिलं. हिचे बूट सपाट होते.

नागोया आलं. फुजी केव्हाच मागे पडला होता, मी पाहिलाच नाही.

"पुण्याला आलीस की घरी जेवायला ये हं."

"बघू हं, काका," कमरेत वाकून ती म्हणाली आणि उतरली. पत्ता तिने विचारला नाही.