मटेरियल काय?

सुप्याला आमच्या दाजींकडे पाहुणे आले की पुणे-नगर रस्त्यावरून दिसणाऱ्या पवनचक्क्यांचं कौतुक करतात. दाजी तेवढं ऐकून घेतात आणि सांगतात, "पातं काचतंतू आणि रेझिनचं असतंय. हाताला हलकं, पण लांबी बघा की." पाहुण्यांनी विचारलेलं नसतं.

एमआयडीसीच्या टूलरूममध्ये केस पांढरे केलेला माणूस तो. जगातली कुठलीही वस्तू दिसली की पहिला प्रश्न, "मटेरियल काय?" लग्नाच्या पंगतीत प्लास्टिकची खुर्ची उलटी करून गेट मार्क चाचपतील, मगच टेकतील. बारशाला पोराच्या हातातला खुळखुळा काढून घेतला, जोडावर नख फिरवलं, "फ्लॅश सोडलाय, ओठाला लागंल" म्हणाले आणि खिशातल्या चाकूनं तिथंच साफ करून दिला. बोललेलं खरं निघतं, हीच तर पंचाईत.

तर हे दाजी रात्री दात खातात. महिनाअखेरीला डिस्पॅच अडकलं की ताईला झोप नाही. जात्यात खडे भरडल्यागत आवाज येतो म्हणते. दाढा सपाट झाल्या तेव्हा तिनं धरून दवाखान्यात नेलं. मी सोबतीला. मॅडम लोणीच्या डेंटल कॉलेजात शिकलेल्या, स्वभावानं गरीब. म्हणाल्या, "काका, नाईट गार्ड बसवू."

दुसऱ्या कुणी पैसे विचारले असते.

"मटेरियल काय?"

मॅडमना कल्पना नव्हती. त्या सांगायला लागल्या, "मऊ हवा असेल तर ईव्हीएची शीट..."

"ईव्हीए? म्हणजे चपलेचा सोल." ताईनं पदर तोंडाला लावला.

"मऊ लवकर झिजतो, काहींना तो चघळायचीच सवय लागते. तुम्हाला कडक द्यावा लागेल. ॲक्रिलिक."

"पीएमएमए. गाडीच्या टेल लॅम्पची काच." दाजींनी माझ्याकडं पाहिलं. "पाहुणं, आता दिवा तोंडात धरून झोपायचं." पण चेहरा खुलला होता. ओळखीचं माणूस भेटलं होतं. "प्रोसेस काय?"

बाहेर बाकावर गालाला रुमाल बांधलेली एक आजी कण्हत होती. आत प्रोसेस चालू. जुनी पद्धत अशी: गार्ड आधी मेणात घडवायचा, प्लास्टरमध्ये गाडायचा, गरम पाण्यानं मेण घालवायचं आणि त्या पोकळीत पावडर-लिक्विडचा लगदा दाबून पाण्यात शिजवायचा. शिजवायचा तोही दमानं, 74 अंशांवर आठ-नऊ तास. घाई केली तर लिक्विडमधला मोनोमर 100 अंशांच्या आसपास उकळतो आणि जाड भागात बुडबुडे धरतात. "पोरॉसिटी!" दाजींनी मांडीवर थाप मारली. शीट तापवून दातांच्या मॉडेलवर व्हॅक्यूमनं ओढायची पद्धत त्यांनी निकालात काढली. कोपऱ्यात पातळ पडणार. थ्रीडी प्रिंट म्हटल्यावर थर किती मायक्रॉनचा ते विचारलं. पन्नास ते शंभर, शिवाय नंतर अल्कोहोलात धुऊन दिव्याखाली पुन्हा कडक करायचा, हे ऐकून मान हलवली. शेवटी कॉम्प्युटरवर डिझाइन करून तयार ॲक्रिलिकच्या चकतीतून मिलिंगनं कोरलेला मंजूर झाला. चकती कारखान्यातच नीट पिकलेली, त्यामुळे आत उरलेला मोनोमर कमी. फक्त "स्क्रॅप फार जातंय" एवढी नोंद केली. व्हिएन्नाचे दंतवैद्य कारोली यांनी 1901 साली दात खाणाऱ्यांना असा गार्ड सुचवला होता म्हणतात. त्यांना दाजी भेटले नाहीत, म्हणून काम पुढं गेलं.

पुण्याच्या लॅबमधून गार्ड आला त्या दिवशी दाजी व्हर्नियर घेऊन गेले. दाढेवर जाडी मोजली, कडेला अंगठा फिरवला, दोष सापडेना म्हणून जरा हिरमुसले. मग मॅडमनी गार्ड बसवला, वर निळा कागद ठेवला आणि म्हणाल्या, "चावा. आता बाजूला घासा." काढून पाहिला तर उजव्या दाढेवर गडद डाग, डावीकडं नुसती पुसट खूण. बारीक बरनं गडद जागा तेवढी टिपली. पुन्हा कागद, पुन्हा चावा. तीनदा, चारदा. दोन्ही बाजूंचे ठिपके सारखे दिसेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.

दाजी खुर्चीत उठून बसले. डायचे दोन अर्धे बसवताना त्यांनी जन्मभर हेच केलंय: निळा रंग लावायचा, मिटवायचं, उंचवटा दिसेल तेवढाच घासायचा.

"ब्लू मॅत्सिंग!" तोंडात गार्ड होता.

काढल्यावर म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्या टूलरूमला पाहिजे होता." यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडं नाही. ताईला सुद्धा अजून मिळालेली नाही.

"आता दात खाणं थांबंल ना?" तिनं विचारलं.

"थांबेलच असं नाही. झीज दातांऐवजी याची होईल."

"लायनर," दाजी समाधानानं म्हणाले. गरम पाण्यानं धुवू नका, वाकेल, हे मॅडम सांगणार होत्या. ते दाजींनीच त्यांना सांगितलं.

घरी आता कॅलेंडरशेजारी गार्डचं हिस्टरी कार्ड लटकतंय. तारीख, जाडी, शेरा. गेल्या महिन्याचा शेरा: "डिस्पॅच लेट. डावीकडे झीज."

दवाखान्यातल्या कॉम्प्रेसरचा आवाज मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून खटकत होता. रविवारी सकाळीच पाने-पक्कड घेऊन तिकडं गेलेत. मॅडमनी बोलावलं होतं का, ते ताईला माहीत नाही. जेवणाचा डबा पोचवायला मला पाठवलंय.