मला नाही चढत

शुक्रवारी चारच्या सुमारास अण्णांचा फोन येतो. "काय मग, बसायचं ना?" कुठे, कशाला, असं विचारणाऱ्याला ते पुन्हा फोन करत नाहीत. 'दारू' हा शब्द त्यांच्या तोंडी नाही. घरी 'मीटिंग', सोसायटीत 'तीर्थ' आणि वेटरपुढे नुसतं "नाइंटी, सोडा-पाणी मिक्स."

परमिट रूममध्ये कोपऱ्यातलं टेबल, भिंतीला पाठ. तिथून अण्णा अख्ख्या खोलीचा पंचनामा करतात. त्यांचा खरा चकणा हाच. बायकोशी फोनवर वाजवीपेक्षा गोड बोलणारा, त्याने नुसती "टाकलीय". इंग्रजी सुरू झालं की "विमान उडालं". "उद्या ये, तुझं काम झालं समज" म्हणणारा "फुल टाइट". शाळासोबत्याच्या गळ्यात पडून रडणारा "तर्र". खुर्चीला धडकून खुर्चीलाच सॉरी म्हणणारा "टुन्न". आणि बेसिनकडे धावला तो "आउट". कुणी 'टल्ली' म्हटलं तर अण्णा नाक मुरडतात, "हिंदी पिक्चरवाल्यांचं आहे ते." भाषेच्या बाबतीत माणूस भलता सोवळा.

गडकऱ्यांविषयी आदर अपार. 'एकच प्याला' पाहिलेलं नाही, वाचलेलंही नाही. पण 1919 साली रंगभूमीवर आलेला तळीराम अजून दर गटारीला आणि 31 डिसेंबरला बातम्यांत हजर असतो, याचा त्यांना घरच्या माणसासारखा अभिमान. दुसऱ्या नाइंटीनंतर ते दारूबंदीच्या काळात शिरतात: नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, हातभट्टीची ती पहिल्या धारेची, वगैरे. हे सगळं त्यांच्या जन्माआधीचं आहे, हे कुणी काढत नाही. बिल तेच देतात.

तिसरीला सोड्याची धार ग्लास सोडून चणाडाळीच्या बशीत पडते. अण्णा तिच्याकडे शांतपणे बघतात, चमच्याने ढवळतात आणि खातात. "मला नाही चढत," ते सांगतात. पाच मिनिटांनी पुन्हा सांगतात, या खेपेला शेजारच्या टेबलाला. दुसऱ्यांसाठी इतके शब्द जमवलेल्या या माणसाकडे स्वतःसाठी एवढं एकच वाक्य आहे.

मग खिशातून स्कूटरची किल्ली निघते. ती आधीच काढून घ्या, रिक्षा बोलावून ठेवा. मोटार वाहन कायद्यात टुन्न, तर्र, टाइट असली प्रतवारी नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल, एवढं एकच माप तिथे चालतं.