सहकुटुंब स्कीइंग : भंडारा जिल्ह्यासाठी सुलभ मार्गदर्शिका

घरात माठ दहा महिने भरलेला असतो, स्वेटर जेमतेम दोन महिने पेटीबाहेर येतो आणि तरीही यंदा सगळ्यांनी मिळून गुलमर्गला जायचंच ठरलंय, अशा कुटुंबांसाठी ही मार्गदर्शिका आहे. आधी उंचीचा अंदाज घ्या. भंडारा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर. आंबागडचा किल्ला एका दमात चढून आलेल्यांनी स्वतःला गिर्यारोहक समजायला हरकत नाही. फक्त तिकडे ते कुणाला सांगू नये.

तारीख ठरवणे

हे काम स्कीइंगपेक्षा अवघड आहे. डिसेंबर बाद, कारण नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं आणि त्या दिवसांत कचेरीत रजेचा अर्ज देणं म्हणजे साहेबांची थट्टा केल्यासारखं दिसतं. शेतकऱ्याचं धान आधारभूत केंद्रावर मोजून झालेलं असतं, पण चुकारा खात्यात पडलेला नसतो आणि बोनसची नुसती बातमी असते. जानेवारीत मुलांचं स्नेहसंमेलन, शेजारच्या गावचा शंकरपट आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. नाटक सोडून आजी उठणार नाही. 'कायले जाता जी बरफात? इथं का थंडी कमी हाय?' हा तिचा प्रश्न निरुत्तर करणारा आहे, त्यामुळे त्यावर चर्चा टाळा. फेब्रुवारीत दहावी-बारावी. त्यातल्या त्यात सुखी म्हणजे जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतली मंडळी, कारण त्यांच्याकडे एलटीसी असते. बाकीच्यांनी जानेवारीअखेरचे जे चार दिवस हाती लागतील ते पकडावेत.

योगायोगानं ते दिवस बरे असतात. काश्मीरच्या हिवाळ्याचा सर्वांत कडक भाग, 'चिल्लई कलान', २१ डिसेंबरला सुरू होतो आणि चाळीस दिवस चालतो. या काळात पडलेला बर्फ टिकतो. पडला तर. २०२४च्या जानेवारीत तो महिना संपत आला तरी पडला नव्हता. गुलमर्गची उघडी माती आणि पिवळं गवत बघून, भाड्याचे कोट घातलेली कुटुंबं परत फिरली. बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ. हेच विक्षोभ पुढे पूर्वेकडे सरकले की आपल्याकडे कधी कधी अवकाळी पाऊस येतो आणि बांधीतली लाखोरी झोपते. म्हणजे गुलमर्गला बर्फ पडावा म्हणून देवाला साकडं घालणाऱ्यानं आधी आपल्या शेतात काय उभं आहे ते आठवावं.

सामान

जीन्स घरी ठेवा. सुती कापड बर्फात भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकरीचे दोन जोड मोजे, आत घालायचे थर्मल, हातमोजे, काळा चष्मा, सनस्क्रीन. सनस्क्रीनला घरातले पुरुष हसतील, कारण भंडाऱ्यात मे महिन्यात पंचेचाळीस अंशात ते उघड्या डोक्यानं हिंडलेले असतात. पण बर्फावरून ऊन परत वर येतं आणि हनुवटीच्या खालूनही भाजतं. माकडटोपी मात्र न्याच. जगात कुणी कितीही नावं ठेवोत, तिच्याइतकं चांगलं शिरस्त्राण लोकरीत दुसरं झालेलं नाही.

वॉटरप्रूफ कोट आणि गमबूट विकत घेऊ नका, गुलमर्गच्या घाटाखाली तंगमर्गला भाड्यानं मिळतात. तिथंच तुमची गाडी सोडून चेनवाली गाडी घ्यावी लागेल, कारण पुढचा तेरा किलोमीटरचा घाट साध्या चाकांना उभा करत नाही. प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरबाहेरचं असेल तर तिथं चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरात एक तरी पोस्टपेड असू द्या, नाहीतर फोटो पाठवायचे कसे?

तांदळाचं पोतं नेण्याचा मोह आवरा. तुमसरच्या बाजारातला तांदूळ सोबत असला की धीर येतो, हे खरं. पण काश्मिरी माणूस दोन्ही वेळा भातच खातो, ही गोष्ट पूर्व विदर्भातल्या माणसाला देशात दुसरीकडे क्वचितच अनुभवायला मिळते. भातासोबत राजमा, हाक नावाची पालेभाजी आणि नदरू, म्हणजे कमळकाकडी. मामा तलावांच्या जिल्ह्यातून आलेल्यानं कमळाच्या देठाला नाक मुरडणं बरं दिसत नाही. सावजीवर वाढलेल्यांना वाझवानचं, म्हणजे काश्मिरी मेजवानीचं, मटण मऊ आणि शांत वाटेल. मिरचीचा ठेचा बरणीत भरून न्या, तेवढी सूट आहे. गुलाबी चहा खारट असतो हे मुलांना आधी सांगून द्या, नाहीतर चेहरे बघण्यासारखे होतात.

पायात स्की चढवणे

इथं मुख्य प्रकरण सुरू होतं आणि बहुतेक कुटुंबांचं इथंच संपतं. स्कीचा बूट प्लास्टिकचा, कडक आणि जड असतो. तो घालून चालताना प्रत्येक जण चंद्रावर उतरल्यासारखा दिसतो. आत एकच मोजा घाला, जाड. दोन घातले की वळी पडून पाय दुखतो. नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकली पाहिजे. तळाचा बर्फ झाडा, आधी बोटं बाइंडिंगमध्ये घाला, मग टाचेनं दाबा. 'खट्' असा आवाज आला की तुम्ही स्कीअर झालात, पुढचे तीन सेकंद.

चढताना स्की उताराला आडव्या ठेवून एकेक पाय बाजूनं वर टाकायचा. उतरताना गुडघे वाकवून वजन पुढे ठेवायचं. थांबायचं असेल तर पुढची टोकं जवळ आणि मागची टोकं लांब करून टाचा बाहेर दाबायच्या. ऐकायला सोपं आहे. पण घाबरलेला माणूस नेमका मागे रेलतो, आणि मागे रेललं की स्की पुढे पळतात. वडीलधाऱ्या पुरुषांचा मागे रेलण्याकडे विशेष ओढा असतो, बहुधा खुर्चीच्या सवयीमुळे.

आता एक गुपित. या बाबतीत सर्वांत तयार विद्यार्थी आपल्या घरातल्या त्या बाया, ज्यांनी आयुष्यात कधीतरी रोवणी केली आहे. पोटरीभर गाळात वाकून उभं राहायचं, गुडघे सैल ठेवायचे, तोल न जाऊ देता एकेक पाय सरकवायचा: शिक्षक जे ओरडून ओरडून शिकवतो ते पावसाळ्यात बांधीत शिकून झालेलं असतं. कुटुंबाला पहिला धडा द्यायचा तर काकूंना पुढे करा. मुलं त्यांच्यामागोमाग शिकतील. काकांना चहाच्या टपरीजवळ उभं करून कोट सांभाळायला द्या.

पडायचं ते बाजूला, कुल्ल्यावर. हात मागे टेकून पडलात तर मनगट जाईल. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करून मग उठा. उताराच्या दिशेनं स्की ठेवून उठू पाहणारा माणूस पुन्हा पुन्हा पडतो आणि त्याचं चित्रीकरण होतं.

गोंडोला

म्हणजे रोपवे. तिकीट ऑनलाइन, आणि आधीच. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर. वर दम लागतो, डोकं जड होतं, आजीला नेऊ नका. तिथून स्कीवर खाली येणाऱ्यांकडे कौतुकानं बघा आणि गोंडोलानंच परत या. ठरलेल्या उताराच्या बाहेरचा ताजा बर्फ फार देखणा दिसतो, पण तिकडे जाऊ नका. फेब्रुवारी २०२३मध्ये त्याच अफरवटच्या बाजूला हिमस्खलनात दोन परदेशी स्कीअर गेले. ही ओळ थट्टेची नाही.

किती दिवस?

आपल्याकडची बहुतेक कुटुंबं श्रीनगरहून सकाळी निघतात, दुपारी अर्धा तास स्की पायात बांधून फोटो काढतात, घसरगाडी ओढणाऱ्याशी दरावरून वाद घालतात आणि संध्याकाळी परततात. गावी येऊन 'स्कीइंग केलं' असं सांगतात. माझ्या मते ते केलेलं नसतं. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे. तिथले नवशिक्यांचे वर्ग दिवसांत मोजतात, तासांत नाही, कारण पहिला दिवस पडण्यात, दुसरा उठण्यात आणि तिसरा कुठं थांबायला शिकण्यात जातो. २०२०पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांतलं स्कीइंग याच गावात होत आलं आहे. महाराष्ट्राचा संघही तिथं उतरतो, तो काही जन्मतः बर्फातला नसतो.

तेव्हा कमीत कमी तीन रात्री गुलमर्गलाच मुक्काम करा. शिक्षक ठरवा, पैसे आधी बोला, बुखारी, म्हणजे तिथली शेगडी, पेटवून झोपताना खिडकीला फट ठेवा. एवढी रजा मिळत नसेल तर स्कीच्या भाड्याचे पैसे वाचवा, सरळ घसरगाडीवर बसा आणि गावी आल्यावर घसरगाडीवर बसलो असंच सांगा.