फिरकीवाले नाना

"आवाज काढून दाखव."

फोनवरचं नानांचं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, 'कोण बोलतंय' नाही. आमचं दुकान पुण्यात, शिवाजीनगर कोर्टाजवळच्या गल्लीत. टायपिंग, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं. समोर काळ्या कोटातले वकीलसाहेब, त्यांचे चार पक्षकार, आणि मी फोन कानाला लावून घसा खरवडतोय, "टक... कर्र, कर्र, कर्र."

"टक आधी की कर्र आधी?"

"आधी टक. मग तीनदा कर्र. मग लाल दिवा."

"पुन्हा कर. मधली विश्रांती नीट घे."

मी पुन्हा साग्रसंगीत केलं. पक्षकारांतल्या एका आजींनी पिशवीतून खडीसाखर काढून माझ्यापुढे ठेवली.

"पिकअप रोलर," नानांनी निदान केलं. "टक झालं म्हणजे सोलेनॉइड सुटला, हुकूम पोचला. कर्र म्हणजे गडी जागच्या जागी फिरतोय, कागद हलायला तयार नाही. हात लावू नकोस. अर्ध्या तासात आलोच."

हा अर्धा तास लक्षात ठेवा.

प्रिंटर दुरुस्त करणारे पुण्यात पुष्कळ आहेत. त्यातले बरेचसे येतात, कार्ट्रिज हलवतात, बिल देतात आणि जातात. नाना चाकं वाचतात. सत्तरीला टेकलेला माणूस, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, नखांत कायमची टोनरची काळी रेघ. खिशाला पेन नाही. 15 सेंटीमीटरची स्टीलची पट्टी, चिमटा आणि टॉर्च. प्लॅस्टिकचे सुटे गिअर ते एका जुन्या मुखवासाच्या डब्यात ठेवतात. एकदा सूनबाईंनी जेवणानंतर तोच डबा पाहुण्यांपुढे फिरवला होता. "व्याह्यांनी बारा दातांचा उचलला," नाना सांगतात, "आणि आडकित्ता मागितला."

विषय कुठलाही काढा, नाना तो चाकावर आणून सोडतात, म्हणून ते फिरकीवाले. "जगात सरळ काही जात नाही रे. कागद सरळ जाताना दिसतो, पण त्याला ढकलतात ती चाकंच."

तर नाना आले. प्रिंटरचं झाकण उघडलं. आत कागदाचा कपटासुद्धा नाही.

वकीलसाहेब उसळले, "पेपर जॅम म्हणतोय आणि आत पेपरच नाही! हा खोटा आरोप आहे."

"साहेब, जॅम म्हणजे अडकणं नव्हे," नाना खुर्ची ओढून बसले. "जॅम म्हणजे वेळेवर न पोचणं. रोलर फिरला की आतला बोर्ड घड्याळ लावून बसतो. वाटेवर ही चिमुकली पत्ती आहे बघा. कागदाची कड इथे आली की पत्ती हलते, सेन्सरला कळतं, हजेरी लागते. ठरल्या वेळात पत्ती हलली नाही की संपलं. कागद कुठे आहे, का थांबला, ट्रेमधून निघाला तरी का, कसलीही चौकशी नाही. तडक जॅम."

"म्हणजे तारखेला गैरहजर, एकतर्फी निकाल."

"बरोब्बर."

वकीलसाहेबांनी मान डोलावली. वेळेवर न पोचण्याबद्दलचं हे व्याख्यान चाललं होतं तेव्हा भिंतीवर दीड वाजला होता. फोन मी अकराला केला होता.

नानांनी रोलर सोडवला, उजेडात धरला. "रबर बघ, तुळतुळीत झालंय टकलासारखं. पकड कशी येणार?" ओल्या फडक्यानं ते रोलरला लहान मुलाचं तोंड पुसावं तसं पुसू लागले. मग ट्रेमधला कागदाचा गठ्ठा उचलून दोन बोटांत चोळला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी नकळत उभा राहिलो.

"हा गठ्ठा उघडा कधीपासून?"

"आठवडा झाला असेल."

"जुलै महिना. सादळलेला चिवडा पाहुण्यापुढे ठेवतोस का? मग सादळलेला कागद ह्याच्यापुढे का ठेवलास?"

नवा गठ्ठा आला, चाचणीचं पान निघालं. नानांनी ओठांवर बोट ठेवलं. "ऐका." दुकान गप्प झालं. प्रिंटरच्या पोटातून बारीक शीळ चढत गेली आणि एका पट्टीवर स्थिरावली. "हा आरसा. लेसरचा किरण जागचा हलत नाही, आरसा फिरतो आणि किरणाला कागदाच्या रुंदीभर झाडू मारायला लावतो. इंचाला सहाशे ठिपके धरले तर ए-फोर पानाच्या सात हजार ओळी. सहा पैलूंचा आरसा आणि एकच किरण असेल, तर एका पानाला अकराशेच्या वर गिरक्या. वेग पक्का झाल्याशिवाय बोर्ड पुढे जाऊच देत नाही. तानपुरा लागल्याशिवाय बुवा तोंड उघडतात का?"

पान बाहेर आलं. गरमच होतं. "पावडर ड्रमवरून कागदावर येते तेव्हा रांगोळीसारखी नुसती बसलेली असते, बोट लागलं तर फिस्कटेल. शेवटी ही दोनशे अंशांच्या आसपासची इस्त्री फिरते तेव्हा ती कागदाची होते." एवढं सांगून त्यांनी पान डोळ्यांपुढे धरलं आणि त्यांचा चेहरा खुलला. पानावर काळे ठिपके होते. एकाखाली एक, रांगेत.

मला वाटलं, संपलं, नवा प्रिंटर. नानांनी खिशातली पट्टी काढली, दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं. मग पुढच्या दोहोंमधलं. "75 मिलिमीटर. 24 व्यासाचा ड्रम." कारण 24 गुणिले बावीस सप्तमांश म्हणजे 75 आणि वर थोडं. 94 आलं असतं, तर ड्रम 30 व्यासाचा. ही अंतरं नानांना दिडकीच्या पाढ्यासारखी पाठ आहेत. "कुठेही, कसाही पडणारा डाग मला घाबरवतो. पण जो त्याच अंतरानं परत येतो ना, तो स्वतःच घरचा पत्ता देऊन जातो."

कार्ट्रिज उघडली. निळसर हिरव्या ड्रमवर नखाएवढा ओरखडा होता. परवा मीच ती पाडली होती. नानांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

हे शास्त्र नाना माणसांनाही लावतात. त्यांच्या सोसायटीचे चेअरमन मधूनच सगळ्यांवर भडकतात. लोक म्हणायचे, स्वभाव. नानांनी कॅलेंडरवर खुणा केल्या. दर पंधरा दिवसांनी. "टँकरचं बिल," नाना म्हणाले. "माणूस चांगला आहे, चाक एकच वाईट आहे."

घरच्यांचीही त्यांनी मोटारींप्रमाणे वर्गवारी केली आहे. "आमचा मुलगा स्टेपर मोटर. साधारण 200 पावलांत एक फेरी. 'शंभर पावलं चाल' म्हटलं की शंभर पावलं मोजणार. मधे कुणी पाय धरून ठेवला, दहा पावलं पडलीच नाहीत, तरी हा आपला आनंदात: शंभर झाली! कोथिंबीर आणायला पाठवला तर जाऊन येतो. कोथिंबीर आली का, हे त्याच्या खात्यात नाही. सूनबाई एन्कोडरवाली. आसाला खाचांची चकती, तिच्यावर डोळा ठेवून सेन्सर. जरा मागे पडली की जोर वाढवणार, पुढे गेली की आवरणार. घर तिच्यावर चाललंय."

"आणि तुम्ही, नाना?"

"मी ड्रम प्रिंटरच्या काळातला," असं म्हणून ते खुर्चीत मागे रेलले. चहा आलेला होताच.

ही गोष्ट मला पाठ आहे. पिंपरीतली एक कंपनी, थंडगार कॉम्प्युटर रूम, आणि कपाटाएवढा लाइन प्रिंटर. आत आडवा धातूचा ड्रम गरागरा फिरतोय. ओळीत 132 अक्षरांच्या जागा आणि प्रत्येक जागेसमोर ड्रमच्या परिघावर अख्खी अक्षरमाला कोरलेली. मधे कागद, शाईची रिबन. पलीकडून 132 हातोड्या. ड्रमची एक फेरी झाली की एक ओळ पूर्ण.

"ड्रम कुणासाठी थांबत नाही. अक्षर समोर आलं हे बघून हातोडी सोडलीस तर गेलं ते. ती पोचेपर्यंत ड्रम पुढे. म्हणून अक्षर यायच्या आधी हातोडी निघाली पाहिजे. त्यात केसाएवढी चूक झाली की अक्षर ओळ सोडून वर नाहीतर खाली. एका महिन्यात पगाराच्या चिठ्ठ्यांवर शून्यं उड्या मारत होती. कामगार म्हणाले, पगार कमी दिसला चालेल, पण नाचताना दिसायला नको."

"आणि पोहे?" मी आठवण करून दिली.

"हां. हिला बघायला मी ठरल्या दिवसाच्या आदल्या दिवशी जाऊन थडकलो. आधी निघावं हे डोक्यात बसलेलं! त्या दिवशी दुसरंच स्थळ यायचं होतं. पोहे त्याचे होते. मी खाल्ले. तो उशिरा आला." नाना थांबले. "आयुष्यात तेवढी एक हातोडी वेळेवर सोडली."

वकीलसाहेब केव्हाच नवी कार्ट्रिज बसवलेल्या प्रिंटरवरून प्रतिज्ञापत्र घेऊन पळाले होते. काम संपून तासावर झाला होता. तरी वीस पानं सलग निघालेली पाहिल्याशिवाय नाना उठत नाहीत, आणि वीस पानांना काही तास लागत नाही. मी माझ्या वहीत मागच्या नोंदी पाहिल्या. मार्च: येतो म्हणाले अर्ध्या तासात, आले अडीच तासांनी. मे: अडीच. आज: अडीच. मिलिमीटरचाही फरक नाही. डाग त्याच अंतरानं पडत होता, म्हणजे पत्ता असणारच.

तेवढ्यात नानांचा फोन वाजला. "आवाज काढून दाखव," ते म्हणाले. पलीकडे कुणीतरी, बहुधा माणसांनी भरलेल्या दुकानात, जीव तोडून "खट् खट् घूं" करत होतं. नानांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं. "फ्यूजरचा गिअर. हात लावू नकोस. अर्ध्या तासात आलोच."

फोन ठेवून त्यांनी रिकामा कप नुसताच बशीत फिरवला.

पलीकडच्या दुकानातही कोर्टाची तारीख असेल, रांग असेल, एखादी आजी खडीसाखर शोधत असेल. नानांना स्कूटरवर बसवून द्यायला मला एक मिनिट पुरलं असतं.

"नाना," मी म्हटलं, "त्या शून्यांचं पुढे काय झालं?"

आणि पोऱ्याला खूण केली, अजून दोन कटिंग.