हॉर्न नसलेली गाडी

गो-कार्टला हॉर्न नसतो. आपल्या रस्त्यांवर गाडी शिकलेल्या माणसाला हे पहिल्याच वळणावर कळतं, पण तोवर त्याच्या अंगठ्याने स्टिअरिंगच्या मधोमध दोन-तीनदा चाचपून झालेलं असतं. पुढची कार्ट ढिम्म आपल्या चालीने चाललेली असते. मग तो ओरडतो. हेल्मेटच्या आतून ओरडलेलं फक्त स्वतःलाच ऐकू जातं, त्यामुळे आपण रस्त्यावर एरवी काय काय बोलतो, याचा त्याला बहुधा पहिल्यांदाच पत्ता लागतो.

या गाडीला गिअर नाही, क्लचचं पेडल नाही, सस्पेन्शन नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. उजव्या पायाला एक्सिलेटर, डाव्या पायाला ब्रेक, संपलं. पण या सोपेपणातच गोची आहे. वर्षानुवर्षं क्लच दाबून दाबून डावा पाय तयार झालेला असतो. त्याला हळुवार दाबणं हा प्रकारच ठाऊक नसतो. त्याला वाटतं हाही क्लच, आणि तो तळापर्यंत जातो. कार्ट गर्रकन फिरते आणि काका ज्या दिशेने आले त्याच दिशेला तोंड करून थांबतात. अशा वेळी ब्रेक दाबून धरायचा, हात वर करायचा आणि मार्शल येईपर्यंत बसून राहायचं. उतरून कार्ट ढकलायला जायचं नाही. हे आपल्या माणसाला जमत नाही. बंद पडलेली गाडी दिसली की त्याचे हात शिवशिवतात.

कॅलिफोर्नियात १९५६ साली आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने पहिली कार्ट बनवली, तेव्हा तिला गवत कापायच्या यंत्राला लागतं तसलं इंजिन बसवलं होतं. इंगल्स रेसच्या गाड्या बांधणाऱ्या कारखान्यात कामाला होता आणि अंगाने चांगला भरलेला होता. त्या इंजिनाला त्याला ओढताना घाम फुटत असे, असं सांगतात. आजही भाड्याच्या बऱ्याच कार्टमध्ये होंडाचं जीएक्स मालिकेतलं इंजिन असतं, म्हणजे पाण्याच्या पंपाला आणि जनरेटरला लागतं त्याच खानदानातलं. एकदा वेग गेला की ते तो सावकाश, कुरकुरत परत मिळवून देतं. कार्टिंगचं सगळं शहाणपण या एका कुरकुरीतून निघालेलं आहे.

नवशिक्याला वाटतं की सरळ पट्ट्यावर जो जोरात पळवेल तो पुढे. पण सरळ पट्ट्यावर सगळेच एक्सिलेटर तळाशी दाबून बसलेले असतात, तिथे कोणाची मर्दुमकी दिसणार? फरक पडतो तो वळणातून बाहेर पडताना. म्हणून ब्रेक मारायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. बहुतेक कार्टचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. वळता वळता दाबला तर मागचं टोक पुढे यायला निघतं. मग वळणाच्या बाहेरच्या कडेने आत शिरायचं, आतली कड जवळजवळ शिवायची आणि सुटताना पुन्हा बाहेरच्या कडेपर्यंत कार्ट सोडून द्यायची. रुंदी सगळी वापरायची, पैसे सगळ्या ट्रॅकचे दिलेत. आपण मात्र जन्मभर आतल्या कडेला चिकटून, दुसऱ्याला जागा मिळू नये अशा बेताने वळत आलो. इथे तसं वळलात की कार्ट रांगते.

ती का रांगते, हे मला यातलं सगळ्यात गमतीचं वाटतं. कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर घट्ट बसवलेली असतात. मोटारीत वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरता यावं म्हणून डिफरन्शियल असतं, ते इथे नाही. त्यामुळे वळणात एका चाकाला फरफटत जावं लागतं. यावर उपाय म्हणजे आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं जाणं, आणि पुढची चाकं मुद्दाम अशा कलाने बसवलेली असतात की स्टिअरिंग फिरवताच ते हलकं व्हावं. थोडक्यात, उत्तम चाललेली कार्ट वळणात तीन चाकांवर असते. चारही चाकं जमिनीवर टेकवून ठेवण्याला आपण संसार म्हणतो. इथे त्यालाच ब्रेक लागला म्हणतात.

आता आपल्या दुचाकीस्वाराचं पाहा. वळण आलं की तो सवयीने आतल्या बाजूला झुकतो, म्हणजे जे चाक उचललं जायला हवं, नेमका त्याच्यावर जाऊन बसतो. पुण्यातला माणूस तर मानेसकट झुकतो. मार्शल कडेवरून ओरडत असतो, ‘काका, सरळ बसा!’ पाठ सीटला टेकवून ताठ बसायचं, आणि स्टिअरिंगला पोळी लाटताना लाटण्याला लावतात तेवढाच हात लावायचा. आवळून धरलं, गरजेपेक्षा जास्त फिरवलं, की पुढची चाकं घासत जातात आणि वेग तिथेच सांडतो. शिवाय दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलत नाही.

नजरेचंही तसंच. नवखा माणूस टायरच्या भिंतीकडे टक लावून बघतो आणि तिच्यावरच जाऊन आदळतो. बघायचं ते पुढच्या वळणाकडे. ब्रेक आणि एक्सिलेटर एकदम दाबायचे नाहीत, आतला क्लच जळतो. मार्शलचा घसा बसतो तो याच वाक्याने. पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक बंद, निळा दिसला की मागच्याला जाऊ द्यायचं. निळ्या झेंड्याचा अर्थ सगळ्यांना समजतो, मानवत नाही इतकंच. आणि ही जत्रेतली डॅशिंग कार नव्हे, मेहुण्याला ठोकायची हौस दुसरीकडे भागवावी.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी न्यायची नाही. सीटच्या मागे तो दांडा आणि चेन फिरत असते. मोकळे केस, ओढणी, स्कार्फ त्यात अडकून आपल्या देशात जीव गेलेले आहेत. केस बांधून हेल्मेटखाली कपड्यात खोचावेत, ओढणी बाहेर ठेवावी, आणि तिथल्या पोऱ्याने सांगितलं नाही तरी हे करावं.

आठ-दहा मिनिटांत खेळ संपतो आणि वेळांचा कागद हातात येतो. त्यात सगळ्यात वर सडपातळ भाचा असतो आणि सगळ्यात खाली त्याला इथवर स्वखर्चाने आणणारे मामा. वजनाचा फरक खराच पडतो, पण हे कारण चारचौघांत सांगण्याजोगं नसतं. आयर्टन सेन्ना फॉर्म्युला वनचा तीनदा विश्वविजेता झाला, पण कार्टिंगचं जगज्जेतेपद त्याला कधीच मिळालं नाही, १९७९ आणि १९८० साली तो दुसरा आला, हे मामांनी पाठ करून ठेवावं.

मामा बहुधा म्हणतात की आपली कार्टच मंद होती. यात अगदीच तथ्य नसतं असं नाही. भाड्याच्या कार्ट कितीही सारख्या ठेवल्या तरी एखादी पळते, एखादी कण्हते. सातनंबर बरी आहे अशी कुजबुज होते आणि पुढच्या फेरीला सातनंबरभोवती तीन मामा उभे राहतात. जाणता माणूस त्या गर्दीत नसतो. मिळेल ती कार्ट घेऊन तो रांगेच्या शेवटी जातो, पुढच्यांना जरा लांब जाऊ देतो, म्हणजे ट्रॅक मोकळा मिळतो. पहिल्या एक-दोन फेऱ्या तो टायर गरम होईपर्यंत बेताने काढतो. पुढे पहिल्याच वळणावर ते तिघे एकमेकांत अडकलेले असतात आणि हॉर्न शोधत असतात.